जळगावहून उडणारं एटीआर: भाडं बघता तसा ताफाही बघा

जळगावच्या कुसुंबा विमानतळावरून २०२४ मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली. एप्रिलमध्ये फ्लाय९१ ने गोवा आणि हैदराबाद जोडलं, पाठोपाठ पुणं आलं, आणि जूनमध्ये अलायन्स एअरने मुंबई सुरू केली. दोन्ही कंपन्यांनी इथे एकाच प्रकारचं विमान लावलं, एटीआर ७२-६००. आत दोन-दोनच्या रांगा, सत्तरच्या आसपास आसनं, बाहेर सहा पात्यांचे दोन पंखे. प्रवाशाला दोन्ही सेवा सारख्याच वाटतात, पण कंपन्यांचे ताफे वेगळे आहेत. विमान वेळेवर येणार का, आणि बिघडलं तर त्याच्या जागी दुसरं येणार का, हे बऱ्याच अंशी त्या ताफ्यावर ठरतं. म्हणून या सेवेकडे ताफ्याच्या बाजूने बघितलं आहे.

आधी विमानाविषयी, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. पंख्याचं विमान म्हणजे जुनं, ही समजूत चुकीची आहे. एटीआर ७२-६०० मध्ये टर्बोप्रॉप म्हणजे जेटच्याच तत्त्वावरचं टर्बाइन इंजिन आहे, फक्त ते पंखा फिरवतं. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. जळगाव ते मुंबई हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात जेट फार तर पाव तास वाचवेल, आणि मुंबईवर उतरायला रांग लागली की तो पाव तास हवेत घिरट्या घालण्यात जातो. इंधनाचा फरक मात्र मोठा आहे. एटीआर ताशी सहाशे ते सातशे किलो इंधन जाळतं, तर एअरबस ए३२० या मोठ्या जेटला चोवीसशेच्या पुढे लागतं. छोट्या पल्ल्यावर सत्तर माणसं न्यायची तर याहून योग्य विमान आज भारतात नाही.

दुसरं कारण धावपट्टी. जळगावची धावपट्टी १७०० मीटर आहे. पूर्ण भरलेल्या ए३२० ला समुद्रसपाटीवर, थंड हवेतही टेकऑफसाठी साधारण २१०० मीटर लागतात. त्यात आपला उन्हाळा. पारा ४४ वर गेला की कुसुंब्याची हवा, जिची खरी उंची साडेआठशे फूटसुद्धा नाही, साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, आणि तेच वजन उचलायला धावपट्टी जास्त लागते. एटीआरलाही हा हिशोब चुकत नाही. पूर्ण वजनाला, थंड हवेत, त्याला तेराशे मीटरच्या आसपास पुरतात, पण मे महिन्याच्या दुपारी ती शिल्लक आटते. मग आधी सामानाला कात्री लागते आणि नंतर काही आसनं रिकामी सोडावी लागतात. म्हणून उन्हाळ्यात शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या, आणि सामान तिकिटावर लिहिलंय तेवढंच न्या. काउंटरवर जादा किलोंवरून वाद घालून उपयोग नाही, कारण तिथे प्रश्न पैशाचा नसून वजनाचा असतो.

थोडक्यात, ज्या कंपनीकडे फक्त ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखी मोठी जेट आहेत, ती कितीही मोठी असली तरी जळगावला येऊ शकत नाही. ताफ्याचा प्रश्न आपल्या दारात असा येतो.

आता कंपनी एकच जातीची विमानं का ठेवते ते बघू. वैमानिकाला प्रत्येक जातीसाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं: वर्गातला अभ्यास, सिम्युलेटर, मग अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणं. यात काही महिने जातात, आणि पुढेही ठरावीक काळाने सिम्युलेटरची परीक्षा असते. एटीआरचा कॅप्टन आयत्या वेळी ए३२० वर बसवता येत नाही. समजा, आजारपण आणि उशिरांसाठी वैमानिकांच्या दोन जोड्या राखीव ठेवायच्या आहेत. एकच जात असेल तर दोन जोड्या सगळ्या ताफ्याला पुरतात, पण दोन जाती झाल्या की चार जोड्या घरी बसवून पगार द्यावा लागतो. देखभाल अभियंत्याचं तसंच आहे. त्याच्या लायसन्सवर त्या जातीची नोंद नसेल तर त्याची सही चालत नाही, आणि सहीशिवाय विमान हलत नाही. सुट्या भागांचं तर भुसावळच्या इंजिन शेडसारखं आहे. एका वर्गाची इंजिनं असली की एक भांडार आणि एका हाताचे कारागीर पुरतात, दुसरा वर्ग आला की दुसरं भांडार मांडावं लागतं. स्टार्टर-जनरेटर, चाकं, ब्रेकचे संच, पंख्याचे नियंत्रक हे सगळं चार विमानांसाठीही ठेवावं लागतं आणि बारा विमानांसाठीही. बारांसाठी साठा तिप्पट होत नाही, थोडाच वाढतो.

फ्लाय९१ चा ताफा असा आहे. बेस गोव्यात, मोपाला, आणि सगळी विमानं एटीआर ७२-६००. लहान कंपनीसाठी हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. कुठलंही विमान कुठल्याही सेक्टरवर लावता येतं, कुठलीही जोडी कुठलंही विमान उडवते, आसनांचा नकाशा तोच राहतो. विमान बदललं तरी प्रवाशाची जागा हलत नाही. कोकण, खान्देश, मराठवाड्याच्या छोट्या धावपट्ट्यांसाठी कंपनी काढायची तर हीच रचना हवी.

पण एकसारखेपणा वेगळा आणि संख्या वेगळी. ताफ्यात मोजकीच विमानं असतील आणि सगळी रोजच्या वेळापत्रकात गुंतलेली असतील, तर एक विमान बिघडून उभं राहिलं की त्याच्या जागी पाठवायला काहीच उरत नाही. उभ्या विमानाला या धंद्यात एओजी म्हणतात. शिवाय विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला साखळीने फिरतं. पहिल्या फेरीत तासाचा उशीर झाला की तो दिवसभर पुढे सरकतो, आणि संध्याकाळी वैमानिकांच्या ड्यूटीची मर्यादा संपली की शेवटचं गाव रद्द होतं. ते शेवटचं गाव बऱ्याचदा जळगावसारखंच असतं, कारण तिथे बेस नाही, राखीव जोडी नाही, भांडार नाही. भाग बेसवरून मागवला तरी तो पुढच्या विमानानेच यायचा असतो, आणि पुढचं विमान म्हणजे नेमकं रद्द झालेलं विमान.

अलायन्स एअरचा ताफा मिश्र आहे, पण विचार करून मिश्र केलेला. बहुतेक विमानं एटीआर ७२-६००. जोडीला थोडी एटीआर ४२-६०० आणि कानपूरला एचएएल या सरकारी कंपनीने बनवलेलं डॉर्नियर २२८. यातली ७२ आणि ४२ ही कागदावर दोन विमानं असली तरी कॉकपिट एकच, इंजिनाचं घराणं एकच, टाइप रेटिंगही एकच. ४२ फक्त आखूड आहे. सिमल्याची धावपट्टी बाराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे ७२ नेणं अवघड, म्हणून ४२. त्यामुळे खर्च फारसा न वाढता नवं गाव जोडता येतं. डॉर्नियर मात्र खरोखर वेगळी जात आहे. २०२२ मध्ये ते अरुणाचलातल्या पासीघाटसारख्या ठिकाणी सुरू झालं. त्याचे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे. तिथल्या धावपट्ट्यांसाठी ते ठेवणं समजण्यासारखं आहे, पण जळगावच्या प्रवाशाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. आपलं विमान बिघडलं तर डॉर्नियर धावून येणार नाही. मदत आली तर दुसऱ्या ७२ चीच, आणि ७२ ची संख्या मोठी असल्यामुळे ती येण्याची शक्यता कागदावर तरी जास्त. मात्र ही विमानं देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळे जवळ मोकळं विमान आहे का हा प्रश्न उरतोच.

कुसुंब्यात विमान उतरल्यावर पुढच्या अर्ध्या तासात काय होतं ते टर्मिनलच्या काचेतून बघण्यासारखं असतं, आणि हे विमान छोट्या गावाला का मानवतं ते तिथेच कळतं. एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नसतं. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक आहे. पंखा थांबतो, इंजिन चालूच राहतं, आणि त्यावर आत वीज आणि एसी मिळतो. याला हॉटेल मोड म्हणतात. डावं इंजिन बंद, प्रवासी डावीकडच्या मागच्या दारातून चढ-उतार करतात, सामान डावीकडच्या पुढच्या दारातून. हो, पोटात नाही. सामानाची खोली कॉकपिट आणि प्रवाशांच्या मधे आहे. सगळे प्रवासी मागून चढणार म्हणून विमान मागे कलंडू नये, यासाठी शेपटीखाली टेकूही लावतात. शिडी विमानाच्या दारातच आहे, एरोब्रिज लागत नाही, जमिनीवरची यंत्रसामग्री अगदी थोडी पुरते. पण हा ब्रेक बिघडला किंवा हॉटेल मोड वापरता आला नाही, तर दोन्ही इंजिनं बंद करावी लागतात. मग वीज द्यायला जमिनीवरचं वीजयंत्र, म्हणजे जीपीयू, लागतं, आणि ४४ अंशांत उभ्या विमानाचं केबिन काही मिनिटांत तापतं. आत बसल्यावर एसी चालेना झाला तर कारण बहुधा असं काहीतरी असतं. विमान उडायला असुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही.

जागा निवडताना मागच्या रांगा घ्या. पंख्यांचा आवाज आणि थरथर पुढच्या भागात जास्त जाणवते, मागे कमी. उतरतानाही दार मागेच आहे. पंख वर असल्यामुळे खिडकीखालचं दृश्य कुठल्याही रांगेतून अडत नाही. डोक्यावरचे कप्पे मात्र लहान आहेत. ए३२० मध्ये सहज बसणारी चाकांची केबिन बॅग इथे बसेलच असं नाही, ती विमानाजवळ काढून घेतात. औषधं, कागदपत्रं, दागिने आधीच छोट्या पिशवीत काढून ठेवा. सराफ बाजाराच्या कामाने जाणाऱ्यांनी तर नक्कीच. विमान अर्धं रिकामं असलं तरी विचारल्याशिवाय जागा बदलू नका. वजनाचा तोल रांगांच्या हिशोबाने काढलेला असतो, आणि पाच-सहा माणसं मागून पुढे गेली तरी तो बदलतो.

एकाच जातीवर सगळी भिस्त ठेवण्यात धोका आहे का? आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो सगळ्या देशाने बघितला. मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सची उड्डाणं जगभर थांबवली गेली. ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांचं वेळापत्रक कोलमडलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळी विमानं ए३२० घराण्यातली, त्यातल्या निओ या नव्या प्रकारावर प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन, आणि इंजिनांअभावी जवळपास निम्मा ताफा उभा. इंडिगोकडेही तीच विमानं होती, तीच इंजिनं होती, आणि तिचीही सत्तरच्या आसपास विमानं एका टप्प्यावर उभी राहिली. पण इंडिगोने २०१९ मध्येच पुढच्या विमानांसाठी सीएफएमचं लीप इंजिन निवडलं होतं. बाहेरून विमान तेच, खाली इंजिन दुसरं. बाकी ताफा एवढा मोठा होता की सत्तर विमानं उभी राहूनही कंपनी उडत राहिली. ताफा एकसारखा आहे का, हे फक्त विमानाच्या नावावरून ठरवू नये. इंजिनावरूनही ठरवावं लागतं, कारण विमान जमिनीवर बसवतं ते बहुधा इंजिनच. आणि एटीआर ७२-६०० ला इंजिनाचा पर्यायच नाही. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीडब्ल्यू१२७ घराणं, बस्स. त्यात एखादा सार्वत्रिक दोष निघाला, तर जळगाव, सिंधुदुर्ग, नांदेडसारख्या छोट्या गावांकडे उडणारं जे जे एटीआर आहे त्या सगळ्यांना एकदम फटका बसेल. सुदैवाने हे इंजिन अनेक दशकं सुधारत आलेलं, पारखलेलं आहे.

इंडिगोनेही अकरा वर्षं फक्त ए३२० उडवून डिसेंबर २०१७ मध्ये एटीआर घेतलं. दुसरी जात घेण्याचा सगळा खर्च माहीत असूनही घेतलं, कारण लहान गावं ए३२० ला परवडत नव्हती. शिवाय ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या (एएआय) विमानतळांवर लँडिंग शुल्क माफ आहे आणि इंधनावरच्या करातही सवलत मिळते. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ आसनं का, याचं उत्तर तिथेच आहे. दुसरी जात घ्यावी ती अशी, पन्नासच्या आसपास विमानं एकदम मागवून. म्हणजे तीही स्वतःच्या पायावर उभी राहते. दोन-चार नग घेऊन ताफा मिश्र करणं म्हणजे दोन्ही बाजूंचा खर्च आणि कुठलाच फायदा नाही.

जळगावच्या आधीच्या सेवांकडेही याच नजरेने बघावं लागेल. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई सुरू केली ती एकोणीस आसनी वर्गाच्या बीचक्राफ्ट १९००डी विमानाने. एकोणीस आसनांपर्यंत केबिन क्रू लागत नाही, म्हणून हा आकार निवडतात. पण ती जात भारतात इतकी थोडी होती की वैमानिक, अभियंते, सुटे भाग सगळ्यांचीच चणचण, आणि विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ताफा एकसारखा होता, पण विमान चुकीचं निवडलेलं आणि संख्या तोकडी. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटने एटीआर आणलं. विमान योग्य होतं, ताफाही एकसारखा होता, आणि तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनी थांबली, कारण पैसा संपला. उडान योजनेतला तोटाभरपाईचा निधी तीन वर्षांचा असतो. भाडेपट्ट्याचे हप्ते, इंधन आणि इंजिनाची दुरुस्ती त्या तीन वर्षांत स्वतःच्या कमाईवर यायला हवी. एकसारखा ताफा खर्च कमी करतो, पण रिकामी तिजोरी भरत नाही.

तिकीट काढताना मग काय करायचं? मुंबईहून पुढे परदेशी विमान असेल तर जळगावचं विमान त्याच दिवशी, वेगळ्या तिकिटावर धरू नका. आदल्या दिवशी जा, किंवा रात्रीची रेल्वे धरा. एकाच तिकिटावर जोडविमान मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी घ्या, कारण पहिलं चुकल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. विमान रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक निवडण्याचा हक्क डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाच्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. काउंटरवर फक्त क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम, घ्या म्हणाले तर नाही म्हणा आणि परतावा लेखी मागा. पुण्याला जाणाऱ्यांसाठी ही सेवा सर्वांत कामाची आहे. ट्रॅव्हल्समध्ये रात्र काढण्यापेक्षा ती कितीतरी बरी, आणि चुकलीच तर रात्रीची बस हाताशी असतेच. मुंबईसाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासारखी वेळ असेल तेव्हाच ती रेल्वेवर मात करते. गोवा आणि हैदराबादला रेल्वेने फार फिरून जावं लागतं, तिथे विमानाला तोड नाही.

धावपट्टी वाढवा, मोठं विमान आणा, ही मागणी जिल्ह्यात नेहमी होते. धावपट्टी वाढली तर उन्हाळ्यात एटीआरचंच वजन कापावं लागणार नाही, तेवढ्यासाठी ती जरूर वाढवावी. पण १८० आसनी विमान आलं तर ते भरण्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदाच येईल, आणि व्यापारी, डॉक्टर, वकील यांना ते निरुपयोगी ठरेल. सत्तर आसनांचं विमान रोज दोनदा आलेलं बरं. लोकप्रतिनिधींकडे मागायचंच असेल तर एटीआरची दुसरी फेरी मागा, आणि एक विमान रात्री कुसुंब्यात मुक्कामी ठेवायला सांगा. त्यासाठी पार्किंगची जागा, रात्रीचा एक अभियंता आणि वैमानिकांच्या विश्रांतीची सोय लागते. विमान मुक्कामी असलं की सकाळची पहिली फेरी दुसऱ्या गावाच्या उशिरावर अवलंबून राहत नाही.